लहान मासा, मोठी भूक

पवनारच्या आसपास शेततळ्यात मासे पाळणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘रोहूची बोटुकली पिशवीतून आणताना वाटेतच का मरते? एवढ्याशा जिवाला लागून लागून हवा ती किती लागणार?’

एकट्या जिवाला थोडीच लागते, हे खरं. पण हिशेब वजनाचा मांडून बघा. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली पक्षी आणि सस्तन प्राण्यांची तुलना केली. वजन दहा हजार पट वाढलं, तर ऊर्जेची गरज सुमारे हजार पटच वाढते, असं त्यातून निघालं. माशांचं गणितही याच वळणाचं आहे. एक किलोचा एक रोहू आणि एकेका ग्रॅमची हजार पिल्लं, वजन सारखंच. पण पिल्लांना प्राणवायू लागतो साधारण चार-पाच पट!

याची खूण स्नायूंतही सापडते. पेशीतली कामं विकरं, म्हणजे एन्झाइम, घडवून आणतात. सायट्रेट सिंथेज हे प्राणवायूवर ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतलं विकर. मासा वाढतो, तसं दर ग्रॅम स्नायूमागे त्याचं काम साधारणपणे मंदावतं.

गंमत पुढेच आहे. जॉर्ज सोमेरो आणि जेम्स चाइल्ड्रेस यांनी १९८० साली दाखवलं, की मुक्त पोहणाऱ्या काही माशांत लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकराचं काम वयाने, अंगाने वाढताना उलट वाढतं. प्राणवायू अपुरा असताना ऊर्जा पुरवणाऱ्या साखळीतलं हे विकर. अंग मोठं, तशी एकदम झेप घ्यायला ताकदही जास्त लागते. ती इथून मिळते. मात्र झटापटीनंतर स्नायूंत लॅक्टेट साचतं आणि मासा सावरायला कित्येक तास घेतो.

धामकाठच्या शेतकऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. बोटुकली आणताना पिशवीत गर्दी नको. प्राणवायू भरलेला हवा आणि प्रवास पहाटेचा हवा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढते. आणि वाढ बघायला मोठा मासा जाळ्यात घेतलाच, तर त्याला फार दमवू नका. वजन करून लगेच पाण्यात सोडा.

तराजूला सगळं वजन सारखंच दिसतं. पाण्यातल्या प्राणवायूला मात्र लहान-मोठ्यातला फरक बरोबर कळतो.