पथारीवर मिरची, तळ्यावर हॉकी

जानेवारीत नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा फिरला की रस्त्याने जाणारा ठसक्याने बेजार. त्याच जिल्ह्यात, अक्कलकुव्याकडच्या डाबला आणि तोरणमाळला, थंडी कडक पडली की पहाटे गवतावरचं दव गोठतं आणि ‘सातपुड्यात बर्फ’ अशी बातमी छापून येते. ऊन वर आलं की बातमी वितळते. इथल्या पोरांच्या वाट्याला येणारा बर्फ एवढाच. बाकीचा गोळेवाल्याच्या गाडीवर.

त्याच दिवसांत लेहमधली शाळकरी मुलं गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळत असतात.

लडाखमध्ये हा खेळ रुजला तो लष्करामुळे. जवान खेळायचे, गावची पोरं काठावरून बघायची आणि मग जुन्या लष्करी बुटांच्या तळव्यांना लोखंडी पाती ठोकून स्वतःच उतरायची. 1985 च्या सुमारास लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. आजही तिथल्या क्लबचं मोठं काम म्हणजे मैदान तयार करणं. थंडीच्या रात्री पाण्याचे पातळ थर एकावर एक सोडतात. घाईने भसकन ओतलं तर बर्फ उंचसखल होतो. दिवसभर पात्यांनी ओरखडे पडले की भुगा झाडायचा आणि रात्री पुन्हा पाण्याचा हात फिरवायचा. अंगण सारवावं तसंच हे काम, फक्त शेणाऐवजी पाणी आणि पारा शून्याच्या बराच खाली. एवढं करून नैसर्गिक बर्फावरचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा.

नव्या मुलाच्या हाती लगेच स्टिक देऊन भागत नाही. आधी पडायला शिकवतात, मग उठायला. गुडघे वाकवून, थोडं पुढे झुकून उभा राहिला तर तोल राहतो. छाती काढून ताठ उभा राहिलेला हमखास पाठीवर आपटतो. पळणं त्यामानाने लवकर जमतं. थांबणं अवघड, कारण दोन्ही पाती झटक्यात आडवी करावी लागतात. ते जमेपर्यंत कडेची फळी हाच ब्रेक!

खेळात एका बाजूला गोलकीपर धरून सहाजण. चेंडूऐवजी कडक काळ्या रबराची चकती, तिला पक म्हणतात. वजन 170 ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण साबणाच्या वडीएवढं. पण गोठलेली वडी वेगाने अंगावर आली तर काय होईल, याचा विचार करावा. हेल्मेट आणि पॅड त्यासाठीच. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असतात, तरी एक खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून पळतो आणि बाकावर येतो. त्याच्या जागी लगेच दुसरा. म्हणून बाकावर बसलेलं पोरगं इथे ‘राखीव’ नसतं, त्याची पाळी येणारच असते. लहानांच्या खेळात धडक देण्यावर बंधनं आहेत. कॅनडात 2013 पासून तेरा वर्षांखालच्या गटाला त्याची मनाई आहे.

लडाखच्या मुलींना बर्फाचे तास मिळवायलाही झगडावं लागलं. भारताचा महिला संघ 2016 मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, तोही लोकवर्गणीच्या आधाराने. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला 4-3 असं हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला. 2018 मध्ये कॅनडाची ऑलिंपिक विजेती हेली विकेनहायझर स्वतः लडाखला येऊन मुलींना शिकवून गेली. 2025 मध्ये अल ऐनला झालेल्या आशिया चषकात संघाने कांस्यपदक घेतलं.

मग नंदुरबारच्या मुलाने काय करावं? चाकांचे स्केट्स आणि गुळगुळीत सिमेंटची जागा, एवढ्यावर सुरुवात होते. एका ओळीत चाकं असलेल्या इनलाइन स्केट्सवरचा तोल बर्फावर बराचसा कामी येतो. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्ये महाराष्ट्राच्या मुलामुलींनी लेहच्या बर्फावर आइस स्केटिंगची पदकं जिंकली आहेत.

हा खेळ प्रत्यक्ष बघायचा तर जानेवारीत लेह गाठा. फक्त उतरल्या उतरल्या तळ्याकडे धावू नका. उंची साडेतीन हजार मीटर आहे, पहिले दोन दिवस अंथरुणातच काढा.