फुप्फुसातील पुनर्रक्ताभिसरणजन्य इजा आणि प्रतिऑक्सिडीकारक उपचार

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील बदनापूर हा परिसर मोसंबीच्या बागांसाठी परिचित आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र येथे असून, जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. मोसंबीतील क जीवनसत्त्व हे प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजेच अँटिऑक्सिडंट द्रव्य होय. रसाच्या बाटल्यांवरील जाहिरातींमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी या वर्गातील द्रव्यांकडून जे कार्य अपेक्षित असते, ते आहारातील कार्याहून अगदी भिन्न आहे. प्रस्तुत लेखात फुप्फुसाच्या संदर्भात या भेदाचे विवेचन केले आहे.

इजेचे स्वरूप :
फुप्फुसाचे प्रत्यारोपण, कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने होणारी हृदयशस्त्रक्रिया किंवा फुप्फुसाच्या धमनीतील जुनी गुठळी काढणे, अशा प्रसंगी फुप्फुसाचा रक्तपुरवठा काही काळ थांबतो वा अत्यंत घटतो. तो पूर्ववत होताच अवयव सावरेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात पुष्कळशी हानी त्याच क्षणापासून सुरू होते. रक्ताअभावी पेशींतील ऊर्जाद्रव्य एटीपी विघटित होऊन हायपोझँथिन साठते. रक्तासोबत ऑक्सिजन परतला की झँथिन ऑक्सिडेज हे विकर त्यापासून सुपरऑक्साइड हा मुक्तमूलक निर्माण करते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाच्या सान्निध्यात अतिविध्वंसक हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. पेशींची पटले फाटतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, केशवाहिन्या गळू लागतात व वायुकोशांत पाणी भरते. प्रत्यारोपित फुप्फुसाच्या बाबतीत पहिल्या 72 तासांत या बिघाडाची प्रतवारी केली जाते.

येथे फुप्फुसाचे वेगळेपण ध्यानी घ्यावे लागते. यकृताचा वा मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थांबला की ऑक्सिजनही थांबतो. फुप्फुसात मात्र हवा असेपर्यंत वायुकोशांत ऑक्सिजन असतोच. केवळ रक्ताचा प्रवाह थांबल्याची जाणीवही रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना होते आणि मूलकांची निर्मिती सुरू होते. म्हणून अन्य अवयवांवरील निष्कर्ष फुप्फुसास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

उपचारांची दिशा :
मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य दाखवून दिले आणि या उपचारांस शास्त्रीय पाया मिळाला. पुढे हे विकर, एन-अॅसिटिलसिस्टीन, ग्लुटाथिऑन, क व ई जीवनसत्त्वे यांचे प्रयोग झाले. वातरक्ताच्या रुग्णांना दिले जाणारे अॅलोप्युरिनॉलही झँथिन ऑक्सिडेजला रोखते. ते आणि ग्लुटाथिऑन अवयव जतन करण्याच्या विस्कॉन्सिन द्रावणात आहेत. प्राण्यांवरील अनेक प्रयोगांत लाभ दिसला. तरीही मानवी फुप्फुसासाठी यांपैकी कोणतेही औषध सर्वमान्य नित्योपचार ठरलेले नाही.

याचे मुख्य कारण वेळेत आहे. मूलकांचा पहिला लोंढा काही मिनिटांत येतो. औषध त्यापूर्वीच अस्तरपेशींपाशी, पुरेशा प्रमाणात हजर असावे लागते. 100 ग्रॅम मोसंबीत सुमारे 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते; तोंडावाटे मात्रा वाढवीत नेली तरी आतड्यातील शोषण मर्यादित राहते व जादा अंश लघवीवाटे निघून जातो. प्रयोगशाळेत औषध आधी देऊन मग रक्तप्रवाह रोखता येतो, रुग्णालयात तो क्रम क्वचितच साधतो. शिवाय मूलक हे केवळ शत्रू नव्हेत. जंतूंचा नाश आणि पेशींमधील संदेशवहन त्यांच्यावर अवलंबून असते. जंतुसंसर्गजन्य सेप्सिसच्या रुग्णांना शिरेवाटे क जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिलेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोव्हिट चाचणीत मृत्यू वा दीर्घ अवयवबिघाडाचे प्रमाण उलट अधिक आढळले. तो आजार निराळा असला, तरी 'अपाय तर होणार नाही' हा समज त्यामुळे टिकत नाही.

काळाची ही अडचण टाळण्याचा एक मार्ग शरीराबाहेर आहे. दात्याचे फुप्फुस यंत्रावर ठेवून, शरीराइतक्या उष्णतेचे द्रावण त्यातून काही तास खेळविण्याच्या पद्धतीची टोरांटोतील चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. या अवस्थेत औषध थेट फुप्फुसास, आणि रुग्णाचे रक्त त्यात शिरण्यापूर्वी, देता येते.