ऑन्टारिओचा 'मेरिट'वाला कायदा आणि उशिरा जागा झालेला मतदार

८ जून १९९५ रोजी कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात निवडणूक झाली आणि माइक हॅरिस यांचा प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष १३० पैकी ८२ जागा जिंकून सत्तेवर आला. सातासमुद्रापलीकडच्या या जुन्या निकालाशी आमच्या वाचकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. त्या सरकारने पहिल्या सहा महिन्यांतच एक कायदा केला. त्याच्या नावातच 'नोकऱ्यांतील कोटा रद्द करणे' आणि 'मेरिटवर आधारित नोकरभरती पुन्हा आणणे' असे शब्द होते. मंडलच्या वेळी ज्यांनी 'मेरिट' हा शब्द आमच्या पोरांच्या तोंडावर फेकला, त्यांनाही इतके उघडेवाघडे नाव सुचले नव्हते.

हा कोटा होता तरी कोणता? हॅरिस यांच्या आधी बॉब रे यांचे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे कामगारांच्या बाजूचे म्हणवणारे सरकार होते. त्याने १९९३ मध्ये रोजगारातील समानतेचा कायदा केला. मूळनिवासी, वांशिक अल्पसंख्य, अपंग आणि स्त्रिया आपल्याकडे किती आहेत, हे मालकाने मोजायचे, कमी असतील तर स्वतःच उद्दिष्ट ठरवून ती तूट भरून काढायची, एवढेच त्यात होते. ठरावीक टक्क्यांची सक्ती नव्हती. म्हणजे आपल्या आरक्षणाच्या मानाने हा कायदा अगदीच मवाळ. तरी प्रचारात त्याला 'कोटा' हे एकच नाव दिले गेले आणि ते चिकटले. १ सप्टेंबर १९९४ ला अंमलात आलेला कायदा डिसेंबर १९९५ मध्ये, जेमतेम सव्वा वर्षात, संपला. रद्द करणाऱ्या कायद्यात आणखी एक कलम होते आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे. केवळ या कायद्यासाठी कर्मचाऱ्यांची जी माहिती गोळा केली होती, ती नष्ट करावी, असा त्यात आदेश होता. मोजणीच नाही तर अन्याय कुठून दिसणार? जातनिहाय जनगणनेची मागणी करणाऱ्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. लोक न्यायालयात गेले, तिथेही हरले.

हॅरिस यांना मते दिली कोणी? जवळपास ४५ टक्के मतदारांनी. टोरंटोभोवतीच्या उपनगरांनी त्यांना भरभरून दिले. आयकरात ३० टक्के कपात होणार, फुकट खाणाऱ्यांना कामाला लावणार, ही भाषा तिथल्या घरकर्जवाल्या मध्यमवर्गाला पटली. सुरी चालणार ती दुसऱ्यावर, असा त्यांचा हिशोब. पण उरलेले ५५ टक्के कुठे होते? ते दोन पक्षांत फुटले होते. लिबरल पक्षाला ३० जागा, न्यू डेमोक्रॅटिकला फक्त १७. बॉब रे यांनी १९९३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार गोठवले आणि बिनपगारी सुट्या लादल्या. त्या रागाने कामगार संघटना आपल्याच सरकारवर रुसून बसल्या. रुसवा खोटा नव्हता. मात्र त्याचा फायदा कोणाला झाला, हे ऑक्टोबर १९९५ च्या पहिल्या तारखेला कळले.

त्या दिवशी गरिबांचा सरकारी भत्ता २१.६ टक्क्यांनी कापला गेला. एकट्या माणसाला महिन्याला ६६३ डॉलर मिळत होते, ते ५२० झाले. वृद्ध आणि अपंग तेवढे वगळले. एवढ्यात जगायचे कसे, असा प्रश्न आला तेव्हा खात्याचे मंत्री डेव्हिड त्सुबोची यांनी सल्ला दिला की दुकानदाराशी घासाघीस केली तर ट्यूना माशाचा डबा स्वस्तात मिळतो! खात्याने तर महिनाभर काय खावे याची यादीच पुढे केली. भुकेल्याला जेवणाचे वेळापत्रक देण्याची ही विद्या फक्त आपल्याच राज्यकर्त्यांकडे आहे असे आम्ही समजत होतो.

मग मात्र लोक उठले. ११ डिसेंबर १९९५ ला लंडन या शहरात (हे लंडन ऑन्टारिओतले) संप झाला. मग एकेक शहर बंद पडत गेले आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये टोरंटो ठप्प झाले. तो मोर्चा त्या शहराच्या सर्वात मोठ्या मोर्चांत गणला जातो. मार्च १९९७ मध्ये सहा नगरपालिका मोडून एक करण्याच्या बेतावर तिथल्या रहिवाशांचे मत घेतले, तेव्हा चारांपैकी तिघांनी नकार दिला. सरकारने ते मत बाजूला ठेवले आणि १ जानेवारी १९९८ पासून विलीनीकरण करून टाकले. १९९७ च्या शरदात सव्वा लाखाहून अधिक शिक्षक दोन आठवडे शाळेबाहेर होते. एवढे सगळे पाहून कोणालाही वाटले असते, हे सरकार आता गेलेच.

गेले नाही. ३ जून १९९९ ला हॅरिस पुन्हा निवडून आले, १०३ पैकी ५९ जागा घेऊन. मते पुन्हा ४५ टक्केच. ज्यांच्या करात सूट मिळाली ते हलले नाहीत, आणि रस्त्यावर एकत्र चाललेले मतपेटीजवळ पुन्हा वेगळे झाले. काही संघटना म्हणाल्या, जिथे लिबरल जिंकेल तिथे लिबरलला द्या. काहींनी ते मानले नाही. आमच्याकडेही १९९८ मध्ये रिपब्लिकन नेते एक झाले, काँग्रेसशी समझोता केला आणि चौघे खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. वर्ष सरते न सरते तोच ऐक्य मोडले. १९९९ चे ते दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत, दोन्हीकडे मोर्चे मोठे आणि मतांची बेरीज शून्य.

या काळातली एक गोष्ट राहून जाऊ नये. ६ सप्टेंबर १९९५ ला, सरकार येऊन अडीच महिने होतात न होतात तोच, इपरवॉश येथे आपल्या पूर्वजांच्या दफनभूमीसाठी बसलेल्या डडली जॉर्ज या निःशस्त्र मूळनिवासी माणसाला प्रांताच्या पोलिसांनी गोळी घालून मारले. गोळी झाडणारा पोलीस १९९७ मध्ये दोषी ठरला, पण सार्वजनिक चौकशी त्या सरकारने अखेरपर्यंत होऊ दिली नाही. २००३ मध्ये सत्ता गेली तेव्हा चौकशी नेमली गेली. अहवाल यायला २००७ उजाडले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव हा तिथल्या मानवाधिकार कायद्याखाली येतो, असे जाहीर केले. तिथे गेलेल्या आपल्या माणसांना याचा आधार वाटतो आणि तो योग्यच आहे. पण कोणत्या समाजाचे किती लोक नोकरीत आहेत हे मालकाला मोजायला लावणारा प्रांताचा कायदा १९९५ नंतर परत आलेला नाही, २००३ ते २०१८ अशी पंधरा वर्षे लिबरल पक्ष सत्तेवर असूनही.