होडीचे जुने एंजिन का तापते?

किनाऱ्यापासून दहा-बारा मैल आत गेलेल्या मासेमारी होडीवर तापमापकाचा काटा एकाएकी चढू लागला, की तांडेलापुढे मोठाच पेच पडतो. एंजिन बंद करावे, तर वारा आणि प्रवाह होडीला खडकांकडे ओढून नेतील. चालू ठेवावे, तर हेडला तडा जाऊन किंवा दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून ते कायमचेच बंद पडेल. पुष्कळदा चौकशीअंती असे दिसून येते की, काटा त्या दिवशी प्रथमच चढलेला नसतो. महिना दोन महिने तो थोडाथोडा वर सरकत असतो. परंतु एंजिन चालते आहे तोवर त्याच्याकडे पाहतो कोण?

डीझेल तेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी साधारण एकतृतीयांश भागाचेच उपयुक्त कार्य होते. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि राहिलेलीपैकी बहुतेक सर्व पाण्याला वाहून न्यावी लागते. हे पाणी होडीच्या तळाशी असलेल्या झडपेतून आत घेतलेले असते. मूळ लेखात त्याला ‘कच्चे पाणी’ म्हटले आहे. नदी, खाडी आणि समुद्र ह्या तिन्हींना तो शब्द लागू पडत असल्यामुळे येथेही तोच ठेवला आहे. काही जुन्या एंजिनांत कच्चे पाणी सरळ सिलिंडरभोवतीच फिरते. अशा एंजिनांचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. कारण त्याहून अधिक तापलेल्या भिंतींवर खाऱ्या पाण्यातील कॅल्शियमचे क्षार झपाट्याने बसू लागतात. दुसऱ्या प्रकारात एंजिनभोवती गोडे पाणी फिरते आणि उष्णता-विनिमयक नावाच्या, बारीक नळ्यांच्या जुडग्यातून आपली उष्णता ते कच्च्या पाण्याला देते. हे एंजिन ८० अंशांच्या आसपास चालते. पुढील विवेचन मुख्यतः ह्या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

दोष शोधताना प्रथम एकच प्रश्न विचारावा: पाणी कमी पडते आहे, की पाणी पुरेसे असून उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही? ह्याचे उत्तर एंजिन न उघडता मिळू शकते. समजा, २० अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण भारावर चालत असून पाण्याला सुमारे १४ किलोवॅट उष्णता न्यावयाची आहे. मिनिटाला २० लिटर कच्चे पाणी वाहत असेल, तर ते साधारण १० अंशांनी तापेल. प्रवाह निम्म्यावर आला, तर तेच पाणी २० अंशांनी तापेल. तेव्हा होडी धक्क्याला बांधून, धुराच्या नळीतून पडणारे पाणी बादलीत धरावे आणि घड्याळ पाहावे. वरील उदाहरणात १५ लिटरची बादली ४५ सेकंदांत भरली पाहिजे. मात्र पंप एंजिनच्याच गतीने फिरत असल्यामुळे दर वेळी मोजणी एकाच गतीवर करावी. त्यानंतर होडी भारावर चालवून विनिमयकात शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या कच्च्या पाण्याच्या नळ्यांचे तापमान घ्यावे. दुरून उष्णता मोजणारा अवरक्त तापमापक आज सहज मिळतो. धुरात मिसळल्यानंतर पाण्याचे तापमान घेण्यात मात्र अर्थ नाही. तेथे धुराची उष्णता त्यात मिळालेली असते.

प्रवाह कमी भरला, तर समुद्राकडून आत यावे. तळाच्या झडपेवर शिंपले वाढलेले असतात, गाळणीत प्लास्टिकचा तुकडा अडकलेला असतो. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते. पण आतला पापुद्रा सुटलेला असला, तर गती वाढताच शोषणाने तो मिटतो आणि वाट बंद होते. पंपातील रबरी पात्यांच्या चक्राकडे विशेष लक्ष द्यावे. मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत (पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून) होडी उभी असते आणि काही पाती दुमडलेल्या स्थितीतच ताठरतात. हंगामाच्या आरंभी ती तुटतात. नवे चक्र बसवून काम संपत नाही. तुटलेले तुकडे मोजून शोधावे लागतात, कारण ते पुढे विनिमयकाच्या तोंडाशी जाऊन बसतात. शेवटी, पाणी धुरात मिसळते ते कोपर काढून पाहावे. गंज, मीठ व काजळी ह्यांनी त्याची छिद्रे बुजत जातात.

प्रवाह भरपूर, कच्चे पाणी मात्र थोडेच तापलेले, आणि तरीही काटा वर, असे आढळल्यास उष्णता वाटेत अडली आहे असे समजावे. विनिमयकाच्या नळ्यांवरील क्षाराचा एक मिलिमीटर थर सुमारे दोन सेंटिमीटर जाड बिडाइतका तरी अडथळा करतो. आतला थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल, किंवा गोड्या पाण्याच्या पंपाचा पट्टा घसरत असेल. टाकीत सतत बुडबुडे उठत असतील, तर हेडखालच्या गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात शिरत असण्याचा संभव मोठा.

ह्याउलट, प्रवाह पुरेसा आहे आणि दोन्ही पाणी नेहमीपेक्षा अधिक तापलेले आहे, असेही आढळते. पूर्ण गतीवरच काटा चढतो आणि धूर काळा पडतो. अशा वेळी शीतनाची यंत्रणा निर्दोष असू शकते! तळाला शेवाळ व शिंपले चिकटल्याने किंवा पंख्यात दोर गुंडाळल्याने एंजिनवर भार वाढलेला असतो, आणि जास्त तेल जळले की उष्णताही जास्त निर्माण होते. थंड समुद्रांसाठी बांधलेल्या जुन्या एंजिनांना आपल्याकडे आणखी एक अडचण असते. मे महिन्यात अरबी समुद्राचे पृष्ठजलच ३० अंशांच्या आसपास असते. तेव्हा त्याला उष्णता देण्यास वाव मुळातच कमी राहतो.

आता तांडेलाचा पेच. त्याने प्रथम मागे वळून धुराच्या नळीकडे पाहावे. पाणी पडत असेल, तर गती उतरवून, पंखा सोडवून एंजिन मंद चालू ठेवावे. एकदम बंद केल्यास पाणी फिरायचे थांबते आणि बिडात साठलेली उष्णता हेडमध्येच कोंडते. पाणी पडत नसेल, किंवा नुसती वाफ येत असेल, तर एंजिन ताबडतोब थांबवावे, नांगर टाकावा आणि तळाची झडप व गाळणी पाहावी. टाकीचे झाकण मात्र उघडू नये. दाबाखालचे पाणी १०० अंशांवरही द्रवरूप असते आणि झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ते तोंडावर उसळते. एंजिन हात लावण्याइतके निवल्यावर पाणी थोडेथोडे घालावे. तप्त बिडावर गार पाणी ओतले, तर जो तडा टाळावयाचा तोच त्या बादलीने पडतो.