कापूस काळा झाला, पण कशाने?

नागपूरच्या जरीपटक्यात लग्नाची खरेदी करता करता भाच्यासाठी चामड्याचं पाकीट घेतलं आणि त्यावर लेझरने नाव कोरून घेतलं. यंत्रातून ते बाहेर आलं तेव्हा अक्षरांभोवती धुरकट पिवळी कड होती. दुकानातल्या पोराने काउंटरवरची सॅनिटायझरची बाटली उचलली, कापसावर फवारली आणि मी नको म्हणेपर्यंत दोन हात फिरवलेही. "देखो भैया, कितना कचरा निकला!"

सगळा घोळ या कापसाने केला आहे. कुणी सॅनिटायझर सांगतं, कुणी स्पिरिट, कुणी थिनर, आणि पुरावा म्हणून प्रत्येक जण तोच काळपट तपकिरी कापूस नाचवतो. त्याच पाकिटाच्या मागच्या, कोरकाम नसलेल्या कोपऱ्यावर तसाच कापूस फिरवून बघा. बहुतेक रंगीत पाकिटांवर तो तिथेही तपकिरीच होतो. तिथे तर लेझर पोचलंच नव्हतं! मग तो कचरा कसला? तो पाकिटाचा रंग.

चामड्यावर कोरायला बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. ते 1964 साली बेल लॅबमध्ये बनवणारे कुमार पटेल मूळचे आपल्या बारामतीचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेले. या लेझरचा डोळ्यांना न दिसणारा किरण चामड्याच्या वरच्या थरातच शोषला जातो. तिथलं थोडं चामडं वायू होऊन उडतं, थोडं कोळपतं. म्हणजे पाकिटावर काळं असतं ते तीन प्रकारचं: वर सुटी पडलेली काजळी, धुरातून कडेला बसलेला चिकट थर, आणि खाचेच्या तळाचं कोळपलेलं चामडं. पहिली दोन काढायची. तिसरं म्हणजे आपण पैसे देऊन लिहून घेतलेलं नाव. तेही घासून काढायचं असेल तर कोरलं कशाला?

अल्कोहोल तो चिकट थर विरघळवतं, हे खरं. लाकडावर, काचेवर ही युक्ती चालते, म्हणून ती चामड्यावरही आली. पण ते चामड्याचा रंगही सोडवतं, वरची लाखेसारखी झिलई मऊ करतं आणि कमावताना मुरवलेलं तेल ओढून घेतं. शिवाय झिलई नसलेल्या चामड्यात विरघळलेल्या थरासोबत काजळी रंध्रांत उतरते. मग ती ब्रशलाही सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या एका सूत्रात 80 टक्के इथेनॉल आहे आणि सोबत 1.45 टक्के ग्लिसरॉल, कारण नुसत्या अल्कोहोलने हात कोरडे पडतात. हाताची कातडी निदान नवं तेल तयार करते. पाकिटाची कुठून करणार?

खरं काम कोरडंच असतं. कोरण्याआधी चामड्यावर मास्किंग टेप लावली तर धूर टेपवर बसतो आणि निम्मी कटकट वाचते. कोरल्यावर मऊ ब्रशने, जुना टूथब्रश चालेल, काजळी झटकायची. मग पिळून जेमतेम ओलसर राहिलेल्या कापडाने, लागलाच तर चामड्यासाठीच्या साबणाचा किंचित फेस घेऊन, आधी लपलेल्या कोपऱ्यावर करून बघायचं आणि मगच अक्षरांकडे वळायचं. सावलीत वाळवायचं. दुसऱ्या दिवशी बिनरंगाची लेदर क्रीम, बोटावर येईल तेवढीच.

काजळी तोंडाने फुंकायची मात्र नाही. "राख विषारी असते" ही भीती लोक वाढवून सांगतात, पण ती निराधार नाही. बाजारातलं बरंचसं चामडं क्रोमियमने कमावलेलं असतं आणि जळताना त्यातल्या थोड्या क्रोमियमचं घातक, सहा संयुजेचं रूप होऊ शकतं. त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याचं प्रमाण किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या आत हवं, असा युरोपीय संघाचा नियम 2015 पासून आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या अस्सल कोल्हापुरीत क्रोमियमचा प्रश्न नाही. काजळी तिथेही आहेच.

बाकीचे गैरसमज किरकोळ. "जळक्या केसांसारखा वास आला, म्हणजे माल नकली": उलट, चामडंही केसासारखं प्रथिनच, म्हणून तसा वास येतो, हवेशीर जागी उघडं ठेवलं की हळूहळू जातो. "उन्हात ठेवा": नागपूरच्या मे महिन्यात ओलं चामडं उन्हात टाकलं तर ते आक्रसतं, कडक होतं. "खोबरेल चोळा": डाग गडद होतो, धूळ चिकटते आणि डिसेंबरात तेल पाकिटावरच थिजतं. "भांड्याचा साबण सौम्यच असतो": तो तेल काढण्यासाठीच बनवलेला असतो, चामड्यातलंही काढतो.

आणि रेक्झिन. पीव्हीसीच्या रेक्झिनवर लेझर मारलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. घसा जळतो, यंत्र गंजतं. त्यावरचा डाग कसा काढायचा, हे मला दोघांनी विचारलं आहे. ते यंत्रात घालायचंच नसतं.