पाणी निळे झाले, म्हणजे तलाव शुद्ध झाला?

२००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, केर्न परगण्यात वेस्ट नाईल तापाचे रुग्ण एकाएकी वाढले. हा विषाणू पक्ष्यांमध्ये वावरतो आणि डासांमार्फत माणसात येतो. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. पाचातल्या एकाला ताप येतो, आणि साधारण दीडशेत एकाच्या मेंदूवर किंवा मज्जासंस्थेवर परिणाम होतो. परगण्याचे मुख्य शहर बेकर्सफील्ड. तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच. मग एवढे डास आले कुठून?

उत्तर घरांच्या परसात सापडले. गृहकर्जाचे हप्ते थकल्याने अनेक कुटुंबे घरे सोडून गेली होती. मागे राहिलेल्या पोहण्याच्या तलावांचे पंप बंद पडले, पाण्यातले क्लोरिन उडून गेले आणि शेवाळाने पाणी हिरवे झाले. विल्यम रायसेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बेकर्सफील्डमध्ये कर्ज थकल्याच्या नोटिसा ३०० टक्क्यांनी वाढल्या होत्या आणि २००७ च्या उन्हाळ्यात वेस्ट नाईलचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले. शहराच्या एका भागाच्या हवाई छायाचित्रात दिसणाऱ्या तलावांपैकी सुमारे १७ टक्के हिरवे होते. तलाव घराच्या कुंपणाआड होते, आजार मात्र कुंपणाबाहेर गेला.

आपल्याकडे लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात बंगल्याला जोडलेले तलाव आता नवे राहिलेले नाहीत. मालक वर्षातून चार वेळा येतो, माळी बदलतो, मोटर जळते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तलावाचे डबके होते. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास याच जातकुळीतला. तुलनेने स्वच्छ, साठलेल्या पाण्यात शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्टिफेन्सी अंडी घालतो. डेंग्यूचा एडिस तलावाकाठची बादली, ताडपत्रीची घडी, पंपाचा खड्डा शोधतो. म्हणून दुरुस्तीचे काम लगेच होणार नसेल, तरी पहिल्याच आठवड्यात डासांचा बंदोबस्त करावा. आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मिळू शकतात. मात्र हे मासे नदी-ओढ्यात जाऊ देऊ नयेत आणि तलावात क्लोरिन घालण्यापूर्वी ते काढून घ्यावेत.

उतरण्यापूर्वी

हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही, त्यामुळे बुडालेले मूलही दिसत नाही. काम सुरू होण्याआधी चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक हवे. मोटर आणि दिव्यांचा वीजपुरवठा तोडून अर्थिंग व गळती-प्रवाह रोखणारा ब्रेकर परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावा.

पालापाचोळा जाळीने काढताना मेलेले उंदीर, साप निघतात. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, त्वचेवरच्या बारीक जखमेवाटेही लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. त्यामुळे गमबूट आणि रबरी हातमोजे मजुरांना द्यायलाच हवेत. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना या कामाबद्दल आवर्जून सांगावे. जमिनीखालच्या बंद टाकीत कुजलेल्या गाळामुळे विषारी वायू साठलेला असू शकतो. तिथे कोणालाही थेट उतरवू नये. हे काम योग्य साधने असलेल्या प्रशिक्षित माणसांचेच आहे.

तलाव रिकामा करायचा, तर पावसाळ्यात नको. भूजलाची पातळी वर असते तेव्हा ते पाणी खालून रेटा देते. तलाव भरलेला असताना आतल्या पाण्याचे वजन हा रेटा पेलते. रिकामा झाला की काँक्रीटचा तळ तडकतो, फायबरचा तलाव तर चक्क वर उचलला जातो.

निळ्या रंगाची फसवणूक

अनेक ठिकाणी तुरटी आणि मोरचूद टाकून दोन दिवसांत पाणी निळे करून दाखवतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, मोरचुदाने शेवाळ मरते. पण जंतू मारण्यासाठी या दोघांवर विसंबता येत नाही. ते काम क्लोरिनचे. गाळ न काढताच क्लोरिन ओतले, तर ते जंतूंआधी पालापाचोळ्यावरच खर्ची पडते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी गाळ काढा, भिंती घासा, फिल्टरमधली वाळू बदला, मग क्लोरिन.

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. सामू ७.५ असताना क्लोरिनचा जवळपास निम्मा भाग प्रभावी रूपात असतो, ८ च्या पुढे तो पाव भागाच्याही खाली जातो. मुक्त क्लोरिन दहा लाख भागांत किमान एक भाग हवे. सायन्युरिक आम्ल असलेल्या गोळ्या वापरत असल्यास किमान दोन. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरिन वायू निघतो. दोन प्रकारची क्लोरिनची रसायने एका मगात मिसळू नयेत. रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये.

भिंतींची तपासणी किती गरजेची आहे, हे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या उस्ती नाद लाबेम शहराने दाखवून दिले. १९६२ ते १९६५ या काळात तिथल्या एकाच बंदिस्त तलावात पोहलेले १६ तरुण मेंदूज्वराने दगावले. कारण होते नेग्लेरिया फाउलेरी हा कोमट गोड्या पाण्यात वाढणारा अमिबा. तो नाकावाटे मेंदूत शिरतो, पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. पुढे शोध घेतल्यावर तो तलावाच्या भिंतीमागच्या पोकळीत सापडला. याच अमिबाच्या संसर्गाने २०२४ मध्ये केरळात मुले दगावली. आजार अत्यंत दुर्मीळ, पण बहुधा प्राणघातक आहे. तेव्हा निखळलेल्या फरशा आणि भेगा बुजवूनच तलाव भरावा.

वापर सुरू करताना

सामू आणि क्लोरिन सलग काही दिवस स्थिर राहिले, तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली आणि ती जाळी घट्ट बसवलेली असली, तरच पोहायला उतरावे. तुटक्या जाळीत पंपाच्या ओढीने केस अडकतात. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात सोडू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी योग्य क्लोरिन असलेल्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो.

त्यानंतर रोज फिल्टर चालवणे आणि पाणी तपासणे आलेच. हे जमणार नसेल, तर तलाव बुजवणेच शहाणपणाचे. फक्त माती टाकण्याआधी तळाला मोठी भोके पाडून घ्यावीत. नाहीतर पावसाचे पाणी आतच साठते आणि वरची जमीन दलदलीसारखी होते.