फेर्रामेंतातील संभाषण

इटालियन भाषेत लोखंडाला ‘फेर्रो’ म्हणतात आणि हत्यारे, खिळे, कुलुपे असा माल विकणाऱ्या दुकानाला ‘फेर्रामेंता’. मोठ्या सुपरमार्केटात ग्राहक हवी ती वस्तू स्वतः उचलून घेतो. परंतु जुन्या धर्तीच्या फेर्रामेंतात बराचसा माल विक्रेत्याच्या पाठीमागील खणांत असतो. तेथे मागितल्यावाचून काही मिळत नाही. घरातील नळ गळत असता चुकीच्या मापाचा वायसर घेऊन परतणे कोणालाच परवडत नाही. म्हणून मोजकी वाक्ये नीट येणे अगत्याचे ठरते.

दुकानात शिरताच ‘बुओनजोर्नो’ असे अभिवादन करावे. मागणी करताना ‘व्होल्यो’, म्हणजे ‘मला पाहिजे’, हे रूप हुकमी वाटते. त्याऐवजी ‘व्होर्रेई’ म्हणतात. ‘जरा एक हातोडा हवा होता’ या मराठी बोलण्यात जे आर्जव आहे, तेच त्यात आहे.

दुसरी रचना मराठी भाषकाला सहज उमगेल. ‘मि सेर्व्हे ऊन मार्तेल्लो’ म्हणजे ‘मला एक हातोडा हवा आहे’. ‘मि सेर्व्होनो दूए व्हीती’ म्हणजे ‘मला दोन स्क्रू हवे आहेत’. दोन्ही भाषांत येथे क्रियापद मागणाऱ्याकडे पाहत नाही. ते वस्तूच्या वचनानुसार बदलते.

हत्यारांची नावेही मनोरंजक आहेत. ‘व्हीते’ म्हणजे स्क्रू, तशीच द्राक्षाची वेलही. वेलीच्या पीळदार तणाव्यांवरून स्क्रूला हे नाव मिळाले. पेचकस तो ‘काच्चाव्हीते’. मागेपुढे सरकणाऱ्या जबड्याचा पाना ‘क्याव्हे इंग्लेझे’, म्हणजे ‘इंग्रजी किल्ली’, ठरतो. तर नळ पकडण्याच्या मोठ्या पकडीला तिच्या चोचीमुळे ‘पाप्पागाल्लो’, अर्थात पोपट, म्हणतात. खिळे, म्हणजे ‘क्योदी’, वजनावर घ्यावयाचे असल्यास ‘ऊन एत्तो दी क्योदी’ असे सांगावे. एक एत्तो म्हणजे 100 ग्रॅम.

नाव ठाऊक नसले तरी अडत नाही. झिजलेला वायसर सोबत न्यावा आणि तो दाखवून म्हणावे, ‘ने व्होर्रेई ऊना कोमे क्वेस्ता’, म्हणजे ‘अशीच एक हवी होती’. नळाच्या वायसरला तेथे ‘गुआर्नित्सिओने’ म्हणतात व तो शब्द स्त्रीलिंगी आहे. वस्तू पुल्लिंगी असेल, तर ‘ऊनो कोमे क्वेस्तो’ म्हणावे. लिंग चुकले तरी विक्रेता समजून घेतो. माप चुकले, तर मात्र नळ गळतच राहतो. शेवटी ‘क्वांतो कोस्ता?’ असे विचारून किंमत द्यावी आणि ‘ग्रात्सिए’ म्हणून आभार मानावेत.